हिराजीची मिशी

बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत भाकरीवर अक्षरं उमटायची. बाबा कारखान्यातून सुटले की पत्रकं लिहायचे, उल्हासनगरच्या एका छापखान्यातून ती छापून आणायचे, गेटवर वाटायचे, आणि जी उरायची त्यांच्यावर आई संसार करायची. फळीवर अंथरायला पत्रकं, लसूण सोलायला पत्रकं, सुकट बांधून ठेवायला पत्रकं. बाबांच्या डब्यातली तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की वाफेसकट पत्रकात गुंडाळली जायची, आणि दुपारी डबा उघडला की तिच्यावर उलट्या अक्षरांत ‘एकजूट’ वगैरे उठलेलं असायचं. बाबांचे सोबती आधी भाकरी वाचायचे, मग आपापले डबे उघडायचे. “शाई पोटात गेली तर जाऊ दे, विचार गेला पाहिजे,” असं बाबा म्हणायचे. आई म्हणायची, “पोट बिघडतं ते शाईनं की विचारानं, तेही एकदा छापा.”

मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. मला लागलेला पहिला शब्द ‘निषेध’. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाचा शेवट मी “या परिस्थितीस जबाबदार कोण?” असा केला होता आणि बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं होतं. माझं नाव ज्वाला, तेही बाबांनीच ठेवलेलं. आता पस्तिशीत आहे. या वयात आठवणी लिहू नयेत, आधी काहीतरी करून दाखवावं, असं आमच्यातले लोक म्हणतात. पण ज्या माणसांबद्दल लिहायचं ती आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत, आणि ही गोष्ट सांगितली नाही तर बंटीशेठ ती आपल्या पद्धतीनं सांगत बसेल.

आमच्या खोलीला लागून, एकाच भिंतीनं जोडलेलं, हिराजी म्हसकर वाचनालय होतं. पालिकेच्या जागेवरची पत्र्याची एक खोली, दोन कपाटं, एक कॅरम. संध्याकाळी भिंतीपलीकडून सोंगट्यांचे आवाज यायचे आणि मधूनच कुणीतरी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवायचं. आई भाजी चिरता चिरता इकडून उत्तर द्यायची. किल्ली बाबांकडे. आत दारासमोरच्या भिंतीवर हिराजीची तसबीर होती. जुनी शिळाछाप, कागद चहासारखा पिवळा पडलेला. भला मोठा पागोटेवाला, ओठ झाकून गालांवर चढलेली मिशी, आणि डावा डोळा अर्धवट मिटलेला.

हिराजी म्हणजे बदलापूरच्या पुढच्या गावांतला, कूळ म्हणून मालकाची जमीन कसणारा माणूस. निम्मी भाताची रास मालकाच्या कोठारात जायची ती त्यानं अडवली, गावोगावच्या कुळांना एकत्र केलं, आणि पोलीस मागे लागले तेव्हा बारवीच्या रानात गेला. तो कधीच सापडला नाही. त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. बाबांनी तरुणपणी वाचनालय काढलं तेव्हा पहिल्याच जयंतीला पंचाईत झाली, की हार घालायचा कशाला? म्हणून बाबा वही-पेन घेऊन सोनिवलीला गेले. तिथे जैतू आजोबा होते, ज्यांनी लहानपणी हिराजीला पाहिलं होतं, भाकरी पोचवली होती. त्यांनी वर्णन सांगितलं, की मोठी मिशी, डावा डोळा बारीक. बाबांनी ते उल्हासनगरच्या लच्छूभाई फ्रेमवाल्याला सांगितलं. त्याच्याकडे कुणाकुणाच्या घरातून विकल्या गेलेल्या जुन्या तसबिरींचा ढीग असायचा. त्यातून त्यानं हीच नेमकी उपसून काढली. खालची अक्षरांची पट्टी उंदरांनी खाल्लेली होती, ती त्यानं कापून टाकली. बाबांनी तसबीर सोनिवलीला नेऊन दाखवली, तेव्हा जैतू आजोबांनी पंच्यात तोंड लपवलं आणि त्यांचे खांदे गदागदा हलू लागले. पाणी पाजल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, “हाच. ह्योच हाय तो.” बाबा हे सांगताना दर वेळी स्वतःही डोळे पुसायचे.

त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यावर बाबांचं भाषण होतं. “या डोळ्यावर पोलिसांची लाठी बसली. डोळा मिटला, पण मान झुकली नाही.” दर जयंतीला तेच. मला ते पाठ होतं, आणि आईलाही. बाबा “डोळा मिटला” म्हणाले की भिंतीच्या अलीकडून ती भाताचा कुकर उतरवायची.

मी अकरावीत होते त्या वर्षी बंटीशेठनं वाचनालयाच्या खोलीवर नजर टाकली. बंटीशेठ आमच्याच भागातला, गळ्यात साखळी, दंडात ताकद, आणि जिथे मोकळी जागा दिसेल तिथे व्यायामशाळा काढायची हौस. त्यानं पालिकेत अर्ज दिला की हिराजी म्हसकर नावाचा कुणी माणूसच नव्हता, एका कल्पित व्यक्तीच्या नावावर सार्वजनिक खोली अडवून ठेवली आहे. पालिकेनं कळवलं, जयंतीच्या शनिवारी साहेब स्वतः येतील, पुरावा पाहतील आणि तिथेच निर्णय देतील. बाबा निर्धास्त होते. “पुरावा भिंतीवर आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर दोनच दिवसांत आईनं कपड्यांची दोरी बांधायला आमच्या बाजूनं भिंतीत खिळा ठोकला आणि पलीकडे पुरावा खाली पडला. काच फुटली. आई पदर खोचून म्हणाली, “एवढी लाठी खाऊन मान झुकली नाही, आणि माझ्या एका खिळ्यानं उताणा?” बाबांनी तसबीर चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मला लच्छूभाईकडे पाठवलं.

लच्छूभाईच्या दुकानात एक म्हाताऱ्या सिंधी बाई स्टुलावर बसल्या होत्या. पांढरीशुभ्र सलवार-कमीज, हातात मेथीची जुडी. मी चादर उलगडली, तशी त्यांच्या हातातली मेथी खाली पडली.

“बेटी, ये तेरे पास कैसे आया?”

“हे हिराजी म्हसकर आहेत,” मी म्हणाले. “शेतकऱ्यांचे नेते.”

“नेता?” त्या बाई उठून तसबिरीच्या अगदी जवळ आल्या. “ये मेरा डाडा है. मेरे बाप का बाप. शिकारपूरवाला टोपणदास.”

लच्छूभाईनं त्याच क्षणी काच कापायला घेतली आणि मान वर केली नाही. त्या बाईंनी, सगळे त्यांना अम्मा म्हणत, मला तसबिरीसकट आपल्या घरी नेलं. मागच्याच गल्लीत कॅम्पातल्या जुन्या बराकीतली खोली. सिंध्यांच्या घरी आधी पापड आणि पाणी येतं, मग नाव विचारतात. माझं नाव ऐकून अम्मा म्हणाल्या, “ज्वाला? माँ-बाप को किस पे गुस्सा था?” मग कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, आणि दही आलं, आणि मी हिराजी म्हसकरांचं खरं चरित्र ऐकलं.

टोपणदास शेठ पाचक चूर्ण विकायचे. एक डझन बाटल्या घेणाऱ्या दुकानदाराला शेठची तसबीर मोफत, म्हणून ती छापून घेतलेली. चित्रकार लांबून आगगाडीनं आला होता, आणि नेमकी त्याच दिवशी शेठच्या डाव्या डोळ्यावर रांजणवाडी उठलेली. चित्रकाराच्या भाड्याचे पैसे तर दिलेले. मग रांजणवाडीसकट बसले. मी विचारलं, “लाठी नाही?” अम्मा हसत सुटल्या. “लाठी? डाडा तर कुत्र्याला घाबरायचा. एक बार घर में चोर आया. डाडा सोने का नाटक कर रहा था. चोर ने अपने आप से बोला, पेटी किधर होगी. तो डाडा ने नींद में हाथ करके दिखा दी.”

मी कोकी ताटात ठेवली. ज्या मिशीकडे बघून मी मूठ आवळायला शिकले, ती चूर्णाची जाहिरात होती. मी तसबीर उचलायला लागले, तर अम्मांनी माझा हात धरला. “एक बात सुन के जा,” त्या म्हणाल्या. त्यांच्या गावात पटकी आली तेव्हा लोक घाबरून चूर्ण घ्यायला दुकानापुढे रांगा लावू लागले. टोपणदास शेठनी दुकान बंद केलं, एक कागद छापून घेतला आणि गावभर भिंतींवर चिकटवला. माझं चूर्ण या रोगावर चालत नाही, घेऊ नका, पाणी उकळून प्या, खाली टोपणदास. पुढं वर्षभर कुणी त्यांचं चूर्ण घेतलं नाही. “घर में सब बोले, पागल है,” अम्मा म्हणाल्या. “कुत्ते से डरता था. इससे नहीं डरा.”

आयुष्यात मी हजारो पत्रकं वाचली होती. स्वतःच्या मालाविरुद्ध काढलेलं पत्रक मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि अजूनही दुसरं ऐकलेलं नाही.

अम्मांकडे शेठचं एकही चित्र उरलं नव्हतं. फाळणीत निघताना एकच वस्तू सामानात मावत होती, तेव्हा त्यांच्या आईनं तसबीर ठेवून पोळपाट घेतला. “बोली, फोटो पे रोटी नहीं बेलती. ठीक ही बोली. पण मेरे को अब उसका मुँह याद नहीं आता था.” त्यांनी चादरीच्या टोकानं काच नसलेल्या कागदावरची धूळ हळूच टिपली. मी शनिवारचं सांगितलं. “शनिवार के बाद दे देगी?” मी हो म्हणाले. ते माझ्या हातात नव्हतं, पण मी हो म्हणाले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच शब्द बोलले. “रांजणवाडी?”

“होऽ,” आई म्हणाली. “आणि सोळा वर्षं मी तिला कुंकू लावतेय.”

मी म्हटलं, साहेबांना आणि सगळ्यांना शनिवारी खरं सांगायचं. बाबा उठले, माठातलं पाणी प्यायले, आणि म्हणाले, “शनिवार होऊ दे. खोली वाचू दे. मग सांगू.” ज्या माणसानं मला ‘सत्य’ हा शब्द पत्रकावर बोट ठेवून शिकवला होता, तो हे म्हणत होता. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि माझ्याकडे कार्बन पेपर होता. मी बसले आणि पत्रक लिहिलं, ‘वाचनालयाच्या सर्व सभासदांस जाहीर आवाहन’. विरोध कुणाला? बाबांना. त्यात ‘असत्याच्या पायावर’ असा एक शब्दप्रयोग होता, त्याचा मला फार अभिमान वाटत होता. प्रती काढून मी त्या फळीवर ठेवल्या आणि कॉलेजला गेले.

आईला फळीवरचा प्रत्येक कागद भाकरीचाच वाटायचा. निदान ती अजून तसं म्हणते. दुपारी बाबांनी डबा उघडला, सोबती वाचायला वाकले, आणि भाकरीवर निळ्या कार्बनमध्ये, माझ्या अक्षरात, उलटं उमटलेलं होतं, ‘असत्य’. पुढं ‘बाबा’ हा शब्द होता, तो मात्र दोन्हीकडून जवळजवळ तसाच वाचता येत होता. संध्याकाळी बाबा आले, चपला काढल्या, रिकामा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “भाकरी वाचली. खाल्ली पण.” मग मोरीकडे जाता जाता म्हणाले, “‘आवाहन’चा पहिला परिच्छेद लांबलाय. मुद्द्यावर लवकर ये.”

शनिवारी वाचनालय भरलं. सोनिवलीहून जैतू आजोबा आले, काठी आणि पांढरी टोपी. बारवीकडच्या पाड्यावरून, हिराजीच्या काळातली, ठमी आजी आली. तिला कमी ऐकू यायचं, आणि ती जेवणासाठी आले असं उघड सांगून बाहेर आमच्या ओट्यावर आईशेजारी वाल सोलत बसली. अम्मा मला न कळवता रिक्षा करून आल्या आणि पापडाची थैली मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. बंटीशेठ दारात उभा होता, एका पोराला हळू आवाजात सांगत होता की इथे बेंच येईल, तिथे आरसा. साहेब बुशशर्टात, फाइल घेऊन, घामानं निथळत आले.

बाबा उठले. डोळ्यावरचं भाषण त्यांनी केलं नाही. त्यांनी सांगितलं, “ही तसबीर हिराजींची नाही. या समोर बसलेल्या अम्मांच्या आजोबांची आहे. ते चूर्ण विकायचे. चूक माझी.” आणि मग टोपणदास शेठचं पत्रकही सांगितलं, अगदी पूर्ण. आमच्या भिंतीपलीकडून कुकर उतरवल्याचा आवाज आला नाही. मी पाहिलं, आई दाराशी येऊन उभी होती.

“बघा साहेब,” बंटीशेठ पुढं आला. “खुद कबूल किया. फोटो खोटा, तर माणूस पण खोटा. लिहा.”

साहेबांनी पेन काढलं. बाबांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता, गेटवर लाठ्या खाल्ल्या त्या दिवशीसुद्धा नाही. आणि तेवढ्यात जैतू आजोबांनी पंच्यात तोंड लपवलं आणि त्यांचे खांदे गदागदा हलू लागले.

“आजोबा, रडू नका,” बाबा म्हणाले.

आजोबांनी तोंड वर केलं. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, दात तर एकही नव्हता. “आरं, तवाबी मी हसतच व्हतो,” ते म्हणाले. “तू ही येवडी मिशी घेऊन आलास, मना हसू दाबंना.”

“पण तुम्हीच सांगितलंत, मोठी मिशी, डावा डोळा बारीक.”

“मंग काय सांगाचा? तू आलास ता वही-पेन घेऊन, पाटलोन घालून. मी समजलो सरकारी हाय.” मग त्यांनी साहेबांकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. हिराजी रानात गेला तेव्हा गावोगाव शपथ झाली होती. तोंड कुणी बंद ठेवायचं नाही, तोंड बंद ठेवलं की मार बसतो. विचारलं की लगेच सांगायचं, पण सगळ्यांनी एकच खोटं सांगायचं. मोठी मिशी, डावा डोळा बारीक. “पोलीस मिशीवाल्यांना धरून नेत. हिराजी त्यांच्या म्होरून बैल घेऊन जात व्हता. त्याला मिशी कुटं व्हती.”

“म्हातारा आता गोष्टी रचतोय,” बंटीशेठ म्हणाला. “ह्याला कोण साक्षीदार?”

साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं. मग फाइल काखेत मारून ते बाहेर ओट्यावर गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे दारात गोळा झालो. आत काय चाललंय याचा ठमी आजीला पत्ता नव्हता. साहेब तिच्यापुढे वाकले आणि मोठ्यानं विचारलं, “आजी, हिराजी म्हसकर कसा दिसायचा?”

आजीनं आधी साहेबांचे बूट पाहिले, मग फाइल, मग खिशातलं पेन. हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला. “मोठी मिशी,” ती म्हणाली. “डावा डोला बारीक.”

दोन वेगवेगळ्या गावांतली दोन म्हातारी माणसं इतकी वर्षं एकाच माणसासाठी एकच खोटं जपून होती, आणि जो माणूस नव्हताच त्याला कुणी असं लपवत नाही. साहेबांनी ओट्याच्या कडेवर बसून फाइलमध्ये लिहिलं, “व्यक्ती होती. चेहरा उपलब्ध नाही.” मग त्यांनी फाइल बंद केली, पेन आईकडे धरायला दिलं, आणि अगदी हळूच ठमी आजीला विचारलं, “आता मी सरकारी नाही. आता तरी सांगा, खरा कसा होता?”

आजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “जेवून घ्या,” ती म्हणाली. “भात निवल.”

अम्मांनी त्याच दिवशी आपला डाडा नेला. बाबा तसबीर घेऊन त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेले आणि रिक्षावाल्याला “हळू ने, म्हाताऱ्या माणसाला कुत्र्याची भीती वाटते,” असं म्हणाले. भिंतीवर मागं फक्त खिळा आणि कागदाच्या आकाराचा एक उजळ चौकोन राहिला. जयंतीचा हार बाबांनी खिळ्याला घातला. आईनं चौकोनाच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, “हा बरा. ह्याला काच नाही.” पुढं खोलीला रंग दिला तेव्हाही तो चौकोन कुणी रंगवू दिला नाही.

जैतू आजोबा गेले, ठमी आजी गेली. बाबांनी दोघांना किती वेळा विचारलं असेल, त्यांनी जाईपर्यंत सांगितलं नाही. मी लिहू लागले, पत्रकं छापू लागले, खोट्यावर अजूनही तुटून पडते, माझी ती ख्यातीच आहे. परवा एक मुलगा आला होता, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. त्याला हिराजी म्हसकरांवर काहीतरी करायचं होतं. चांगला होता मुलगा. त्यानं नम्रपणे विचारलं, “मॅडम, ते दिसायला कसे होते, काही कल्पना?”

मी त्याचे बूट पाहिले. मग ओळखपत्र.

“मोठी मिशी,” मी म्हणाले. “डावा डोळा बारीक.”